विद्युत् जाल, बहुस्रोती

विद्युत् जाल, बहुस्रोती : कोळसा, पाणी, अणुइंधन, वारा, सूर्यप्रकाश, उसाचे चिपाड इ. भिन्न स्रोतांपासून वीज निर्माण करणारी केंद्रे, ती वीज वाहून नेणाऱ्या तारा, उपकेंद्रे, साठवणीची साधने आणि वीज वापरणारी यंत्रे ही सर्व परस्परांना जोडून व एका सूत्राने नियंत्रित करून जी यंत्रणा बनते, तिला बहुस्रोती विद्युत् जाल म्हणतात. व्यवहारात जालासाठी ‘ग्रिड’ हा शब्द रूढ आहे. पूर्वीच्या जालात ग्राहकांची मागणी बदलत असे व निर्मितिकेंद्रे तिच्यामागून चालत. वारा व ऊन यांपासून मिळणाऱ्या विजेचे प्रमाण वाढल्यावर निर्मितीही निसर्गक्रमानुसार कमीजास्त होऊ लागली. दोन्ही बाजू बदलत्या असताना त्यांचा मेळ क्षणोक्षणी राखणे हा या जालाचा मुख्य प्रश्न होय. वर्षभरात एकूण किती वीज निर्माण झाली यापेक्षा ती कोणत्या घटकेला मिळाली आणि कमतरतेची घटका निभावण्यासाठी हाताशी काय होते, यांवर जालाची विश्वसनीयता अवलंबून असते. प्रस्तुत नोंदीत प्रथम या जालामागील तत्त्वे, नंतर महाराष्ट्रातील स्रोत व नियंत्रणाची साधने आणि शेवटी जालना जिल्ह्यातील भोकरदन तालुक्यासारख्या कृषिप्रधान भागात, म्हणजे वितरणाच्या अखेरच्या टोकाला, या सर्वांचा काय अर्थ होतो, यांचे विवेचन केले आहे.

मूलतत्त्वे : प्रत्यावर्ती (मूल्य व दिशा ठराविक काळाने बदलणाऱ्या) प्रवाहाच्या जालात वीज तारांमध्ये साठून राहत नाही. ज्या क्षणी ती वापरली जाते, त्याच क्षणी ती निर्माण व्हावी लागते. निर्मिती व मागणी यांच्यातील तफावत कंप्रतेवरून (दर सेकंदास होणाऱ्या आवर्तनांच्या संख्येवरून) कळते. भारतात प्रमाणभूत कंप्रता ५० हर्ट्‌झ असून ती ४९·९० ते ५०·०५ हर्ट्‌झ या पट्ट्यात ठेवणे अपेक्षित असते. मागणी वाढली व निर्मिती तेवढीच राहिली, तर जनित्रांची गती मंदावते आणि कंप्रता उतरते. मागणी घटल्यास याच्या उलट घडते. बैलगाडी चढाला लागली की बैलांची चाल मंदावते, तसाच हा प्रकार आहे. फरक इतकाच की, येथे देशभरातील सर्व बैल एकाच जुवाला जुंपलेले असून सर्वांची चाल एकदमच बदलते.

औष्णिक केंद्रातील दोन ध्रुवांचे जनित्र मिनिटाला ३,००० फेरे करते. त्याच्या जड फिरत्या भागात व टरबाइनात गतिज ऊर्जा साठलेली असते. एखादे केंद्र अकस्मात बंद पडले, तर पहिल्या काही सेकंदांत हीच ऊर्जा तूट भरून काढते. या गुणाला जालाची निरूढी म्हणतात. समजा, जालातील यंत्रांत त्यांच्या पूर्ण क्षमतेने ५ सेकंद पुरेल इतकी गतिज ऊर्जा आहे व एकूण निर्मितीचा १% भाग एकाएकी नाहीसा झाला, तर कंप्रता प्रथम सेकंदाला सुमारे ०·०५ हर्ट्‌झ या वेगाने उतरू लागेल. साठलेली ऊर्जा निम्मी असल्यास हा वेग दुप्पट होईल. सौर घटांच्या केंद्रात फिरणारे काहीच नसते. त्यातील एकदिश (एकाच दिशेने वाहणारा) प्रवाह इलेक्ट्रॉनीय परिवर्तकाने प्रत्यावर्ती करून जालात सोडतात. म्हणून सौर वीज वाढून औष्णिक संच बंद होत गेले, की निरूढी घटते व सावरण्यास मिळणारा अवधी कमी होतो.

निरूढीने मिळालेल्या अवधीत पुढील क्रिया क्रमाने घडाव्या लागतात. प्रथम, टरबाइनांचे गतिनियंत्रक काही सेकंदांत आपोआप वाफ अथवा पाणी वाढवितात. सामान्यतः गतिनियंत्रक ५% उतारावर बसविलेला असतो, म्हणजे कंप्रता १% (०·५ हर्ट्‌झ) उतरली असता संचाची निर्मिती त्याच्या क्षमतेच्या २०% इतकी वाढू पाहते. अर्थात त्यासाठी संच आधीपासून काही क्षमता राखून चालविलेला असला पाहिजे. दुसरे, काही मिनिटांत मध्यवर्ती संगणक निवडक केंद्रांना संदेश धाडून कंप्रता पूर्ववत करतो. तिसरे, भारप्रेषण केंद्रातील अधिकारी राखीव संच चालू करवितात. एवढ्यानेही कंप्रता सावरली नाही, तर ४९·४ हर्ट्‌झपासून खाली टप्प्याटप्प्याने काही वाहिन्या आपोआप तोडल्या जातात. थोड्या ग्राहकांची वीज घालवून सर्वांची वाचविण्याचा हा शेवटचा उपाय असतो.

कंप्रता संपूर्ण जालात एकच असते. विद्युत् दाब मात्र स्थानिक असतो. तो त्या त्या उपकेंद्रात व वाहिनीवरच सांभाळावा लागतो. त्यामुळे एकूण वीज पुरेशी असूनही एखाद्या भागातील दाब ढासळून अथवा वाढून जाल कोसळू शकते.

महाराष्ट्रातील जालाची वाढ : महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणावरील वीजनिर्मितीची सुरुवात सह्याद्रीतील पाण्यापासून झाली. टाटा उद्योगसमूहाची खोपोली (१९१५), भिवपुरी (१९२२) व भिरा (१९२७) ही केंद्रे मुंबईस वीज पुरवू लागली. महाराष्ट्र राज्य विद्युत् मंडळाची स्थापना १९६० मध्ये झाली आणि १९६२ मध्ये कोयना प्रकल्पाची वीज मिळू लागली. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनानगर परिसरात झालेल्या भूकंपाने हे केंद्र बंद पडले व मुंबई-पुण्याकडील उद्योगांना त्याची झळ बसली. एकाच स्रोतावर विसंबण्यातील धोका त्या घटनेने स्पष्ट केला. तारापूर येथील अणुवीज केंद्र १९६९ मध्ये सुरू झाले. पुढे विदर्भातील कोळशाच्या आधारे कोराडी, चंद्रपूर इ. मोठी औष्णिक केंद्रे आणि मराठवाड्यात परळीचे केंद्र उभे राहिले. २००५ मध्ये मंडळाचे विभाजन होऊन निर्मिती, पारेषण व वितरण यांसाठी स्वतंत्र कंपन्या झाल्या.

कोळसा पूर्वेकडे व मोठी मागणी पश्चिमेकडे, हे महाराष्ट्राच्या जालाचे वैशिष्ट्य आहे. त्यासाठी चंद्रपूर ते पडघे ही सुमारे ७५० किमी. लांबीची, ५०० किव्हो. दाबाची व १,५०० मेवॉ. क्षमतेची एकदिश प्रवाहाची वाहिनी १९९९ च्या सुमारास कार्यान्वित झाली. तिरोडा–कोराडी–अकोला–औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) या ७६५ किव्हो. वाहिनीने मराठवाडाही विदर्भातील केंद्रांशी बळकटपणे जोडला गेला. राज्याचे भारप्रेषण कळवा येथून चालते. देशातील प्रादेशिक जाले क्रमाने जोडली जाऊन ३१ डिसेंबर २०१३ रोजी दक्षिण विभाग सोलापूर–रायचूर वाहिनीने जोडला गेला, तेव्हापासून सर्व भारत एकाच कंप्रतेवर चालतो.

स्रोतांचे स्वभाव : प्रत्येक स्रोताचा काही स्वभाव असतो आणि तो ओळखूनच त्याला जालात काम नेमून द्यावे लागते.

(१) अणुवीज केंद्रे शक्यतो अखंड व स्थिर भारावर चालवितात. (२) कोळशावरील संच भार बदलू शकतात, पण सावकाश. ते एका ठराविक भाराखाली उतरविता येत नाहीत आणि पूर्ण थंड झालेला संच पुन्हा चालू करण्यास बरेच तास लागतात. हा किमान भार टप्प्याटप्प्याने ४०% पर्यंत खाली आणावा, असे केंद्रीय विद्युत् प्राधिकरणाने २०२३ च्या विनियमांत ठरविले आहे. असे संच वारंवार वरखाली केल्याने बाष्पित्राच्या नळ्यांची झीज वाढते व इंधनाचा खर्चही वाढतो. शिवाय त्यांना पाणी भरपूर लागते. २०१५ मध्ये पाण्याअभावी परळीचे केंद्र बंद ठेवावे लागले. (३) जलविद्युत् संच काही मिनिटांत शून्यापासून पूर्ण भारावर येतो व तितक्याच झटपट थांबतो. कोयनेची एकूण क्षमता सुमारे १,९६० मेवॉ. आहे. परंतु कृष्णा पाणी तंटा लवादाच्या निवाड्याने पश्चिमेकडे वळवावयाचे पाणी वर्षाला ६७·५ अब्ज घनफुटांपुरते मर्यादित असल्यामुळे ते सदैव चालविता येत नाही. सायंकाळची शिखर मागणी व आणीबाणी यांसाठी ते जपून वापरतात. (४) सातारा जिल्ह्यातील वनकुसवडेचे पठार, धुळे जिल्ह्यातील साक्री परिसर इ. ठिकाणच्या पवनचक्क्या नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात सर्वाधिक वीज देतात. (५) सौर वीज फक्त दिवसा मिळते, माध्यान्हीस ती सर्वाधिक असते व ढग आल्यास काही मिनिटांत निम्म्याहून खाली येऊ शकते. (६) साखर कारखान्यांत चिपाडापासून होणारी वीज गळीत हंगामात, म्हणजे साधारणपणे नोव्हेंबर ते मार्च या काळात मिळते.

या स्वभावांत काहीशी परस्परपूरकता आढळते. पावसाळ्यात ऊन मंद असते तेव्हा वारा जोरात असतो, हिवाळ्यात चिपाड मिळते व उन्हाळ्यात सूर्य प्रखर असतो. तथापि ऋतुमानाने जुळणारा हा मेळ रोजच्या सायंकाळी उपयोगी पडत नाही. सूर्यास्ताच्या सुमारास सौर निर्मिती दीड-दोन तासांत शून्यावर येते आणि त्याच वेळी घरोघरचे दिवे, पंखे व स्वयंपाकघरातील उपकरणे चालू होतात. दिवसा मंदावलेल्या इतर केंद्रांना या अवधीत वेगाने वर चढावे लागते. बहुस्रोती जालाची खरी कसोटी सायंकाळच्या या चढावर लागते.

नियंत्रणाची साधने : पूर्वानुमान : भारप्रेषणासाठी दिवसाचे १५ मिनिटांचे ९६ भाग पाडतात व प्रत्येक भागासाठी निर्मिती आणि मागणी यांचे वेळापत्रक आधी ठरवितात. उपग्रहांवरून मिळणारी ढगांची चित्रे, वाऱ्याची मापने व मागील नोंदी यांच्या आधारे सौर व पवन निर्मितीचे अंदाज बांधतात. पूर्वानुमान जितके अचूक, तितकी राखीव क्षमता कमी लागते.

साठवण : पाण्याची उदंचन पद्धती हा मोठ्या प्रमाणावरील साठवणीचा अनुभवसिद्ध मार्ग होय. वीज विपुल असताना खालच्या जलाशयातील पाणी वर चढवितात व गरजेच्या वेळी तेच खाली सोडून वीज मिळवितात. एक घनमीटर पाणी ४०० मी. उंचीवरून खाली आले, म्हणजे सुमारे १ किवॉ. तास ऊर्जा उपलब्ध होते. अकोले व शहापूर तालुक्यांच्या सीमेवरील घाटघर येथे प्रत्येकी १२५ मेवॉ. चे दोन उत्क्रमी (पंप व टरबाइन अशी दोन्ही कामे करणारे) संच २००८ पासून आहेत. भिरा येथेही १५० मेवॉ. चा असा संच आहे. या पद्धतीत घातलेल्या विजेपैकी साधारणतः तीन-चतुर्थांश भाग परत मिळतो. सह्याद्रीचा कडा या कामास अनुकूल असल्याने महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये उदंचन प्रकल्पांसाठी स्वतंत्र धोरण जाहीर केले. लिथियम घटमाला यापेक्षा अधिक कार्यक्षम असून सेकंदाच्या अंशात प्रतिसाद देते. परंतु ती काही तासांपुरतीच पुरते व तिचे आयुष्य मर्यादित असते. ऋतूंमधील तफावत भरून काढणे या दोहोंच्याही आवाक्यात नाही.

परिवर्तक : आतापर्यंतचे बहुतेक सौर परिवर्तक जालातील कंप्रता पाहून तिच्यामागून चालतात. जाल मृत झाले की तेही थांबतात. घटमालेच्या आधाराने स्वतः दाब व कंप्रता निर्माण करणारे, म्हणजे जनित्रासारखे वागणारे परिवर्तकही आता उपलब्ध आहेत. निरूढीची उणीव अंशतः त्यांनी भरून निघते.

भाराचे नियमन : निर्मिती हवी तशी बदलता येत नसेल, तर मागणी बदलविणे हा उपाय उरतो. केंद्र शासनाने २०२३ मध्ये वीजग्राहकांच्या हक्कांसंबंधीच्या नियमांत दुरुस्ती करून उन्हाच्या तासांतील दर नेहमीच्या दराहून किमान २०% कमी असावा, असे ठरविले. १ एप्रिल २०२५ पासून हा काळभिन्न दर शेतीखेरीज इतर ग्राहकांना लागू करावयाचा होता. महाराष्ट्रात पूर्वी उच्च दाबाच्या औद्योगिक ग्राहकांना रात्री १० ते सकाळी ६ या वेळात सवलत मिळे, कारण रात्री कोळशाची वीज उरत असे. विजेच्या विपुलतेची वेळ रात्रीवरून दुपारवर आली, हे या बदलावरून दिसते.

काही बोधप्रद घटना : ३० व ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर भारतातील जाल लागोपाठ कोसळले. दुसऱ्या दिवशी पूर्व व ईशान्य विभागही अंधारात गेले. पश्चिमेकडून उत्तरेकडे जाणाऱ्या बीना–ग्वाल्हेर वाहिनीवर अतिभार आल्याने हा प्रसंग ओढवला. पश्चिम विभाग मात्र अलग होऊन चालू राहिला. वीज उपलब्ध असली, तरी वाटेची क्षमता ओळखली पाहिजे, हा त्याचा धडा आहे.

५ एप्रिल २०२० रोजी रात्री ९ वाजता देशभर नऊ मिनिटे घरांतील दिवे मालविण्यात आले. मागणी सुमारे ३१,००० मेवॉ. नी उतरली व लगेच पूर्ववत चढली. या काळात जलविद्युत् केंद्रांनी आपली निर्मिती सुमारे १७,५०० मेवॉ. नी घटवून पुन्हा वाढविली आणि कंप्रता ४९·७ ते ५०·३ हर्ट्‌झच्या दरम्यान राहिली. वेळ आधी ठाऊक असल्याने तयारी करता आली, हे खरे. तथापि झटपट वळणारा स्रोत हाताशी असल्याचे मोल त्या प्रसंगाने दाखवून दिले.

२८ सप्टेंबर २०१६ रोजी दक्षिण ऑस्ट्रेलियात वादळाने पारेषण मनोरे पडले. दाबाच्या वारंवार घसरणीमुळे पवनकेंद्रांतील संरक्षक योजनांनी निर्मिती कमी केली आणि शेजारच्या राज्याशी असलेली जोडणी तुटून सर्व राज्य अंधारात गेले. पुढच्याच वर्षी तेथील हॉर्न्सडेल येथे १०० मेवॉ. ची घटमाला बसविण्यात आली. २८ एप्रिल २०२५ रोजी स्पेन व पोर्तुगाल या देशांतील जाल भर दुपारी, सौर निर्मिती विपुल असताना, दाब अनियंत्रितपणे वाढत गेल्याने कोसळले. या दोन्ही घटनांत वीज अपुरी नव्हती. नियंत्रण अपुरे पडले.

वितरणाचे टोक – भोकरदन तालुका : वरील विवेचन प्रायः मोठी केंद्रे व उच्च दाबाच्या वाहिन्या यांच्याविषयीचे आहे. परंतु सौर केंद्रे आता गावोगावच्या उपकेंद्रांशी जोडली जात असल्यामुळे नियंत्रणाचा प्रश्न वितरणाच्या टोकापर्यंत पोहोचला आहे. जालना जिल्ह्याच्या उत्तर भागातील भोकरदन तालुका या दृष्टीने उदाहरणादाखल घेण्याजोगा आहे.

केळना नदीकाठी वसलेले भोकरदन १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होते. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा निर्माण झाल्यावर ते त्यात समाविष्ट झाले. तालुक्याचा प्रदेश अवर्षणप्रवण असून कापूस, मका, सोयाबीन व मिरची ही मुख्य पिके आहेत. पिंपळगाव रेणुकाई येथील मिरचीचा बाजार प्रसिद्ध आहे. बागायत मुख्यतः विहिरींवर व काही प्रमाणात लघु व मध्यम प्रकल्पांच्या पाण्यावर होते. येथे विजेचा प्रश्न हा बहुतांशी पाणी उपसण्याचा प्रश्न असतो.

३३ किव्हो. च्या उपकेंद्रातून ११ किव्हो. च्या वाहिन्या निघतात आणि शेतातील रोहित्र, ज्याला शेतकरी ‘डीपी’ म्हणतात, हा दाब उतरवून पंपांना त्रिकला (थ्री फेज) पुरवठा करते. गावठाणाची व शेतीची वाहिनी पुष्कळ ठिकाणी वेगळी केलेली आहे. शेतीच्या वाहिनीवर पाळीने, काही दिवस दिवसा व काही दिवस रात्री, आठ ते दहा तास वीज देण्याची पद्धत महाराष्ट्रात दीर्घकाळ रूढ होती. कोळशाच्या केंद्रांना रात्री भार हवा असे व दिवसाची मागणी कापावयाची असे, म्हणून हा भार रात्रीकडे ढकलला गेला. जालाच्या हिशेबात ही सोय होती. तिचा भार मात्र हरभऱ्याला किंवा मिरचीला पाणी देण्यासाठी थंडीत, अंधारात, साप-विंचू व रानडुकरांच्या भयात बांधावर उभ्या राहणाऱ्या माणसावर पडला. मागणीचे नियमन कोणाच्या अंगावर पडते हा प्रश्न विद्युत् अभियांत्रिकीच्या बाहेरचा मानता येत नाही.

शेतीस दिवसा वीज मिळावी यासाठी महाराष्ट्र शासनाने २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू केली व २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा हाती घेतला. तीत कृषिवाहिन्यांच्या उपकेंद्रांलगत सौर केंद्रे उभारून तीच वीज त्या वाहिन्यांना देतात. खाजगी जमीन भाड्याने घेतल्यास हेक्टरी वार्षिक १,२५,००० रुपये भाडे ठरविण्यात आले. दुसऱ्या टप्प्यातील पहिले केंद्र २०२४ मध्ये छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील धोंदलगाव (ता. वैजापूर) येथे ३ मेवॉ. क्षमतेचे सुरू झाले.

अशा केंद्राचा ताळेबंद पुढील उदाहरणावरून कळेल. समजा, एका वाहिनीवर ५ अश्वशक्तीचे ४०० पंप आहेत. प्रत्येकास सुमारे ४·५ किवॉ. वीज लागते, म्हणजे सर्व एकदम चालल्यास १·८ मेवॉ. भार होतो आणि आठ तासांत १४·४ मेवॉ. तास वीज खर्च होते. २ मेवॉ. चे सौर केंद्र मराठवाड्यात दिवसाला सरासरी ९ ते १० मेवॉ. तास वीज देते. माध्यान्ही ते सर्व पंप चालवू शकेल, पण सकाळी व दुपार कलल्यावर ते अपुरे पडेल. रब्बीच्या हंगामात ही तूट जालाने भरावयाची असते. पावसाळ्यात, मोठा खंड पडला नाही तर, पंप बंद असतात. एप्रिल-मेमध्ये ऊन प्रखर असते, पण विहिरींना पाणी नसते. या दोन्ही काळांत वाहिनीवरील वीज उलट दिशेने उपकेंद्राकडे व तेथून शहरे आणि कारखाने यांच्याकडे वाहते. म्हणजे जे गाव हिवाळ्यात जालाकडून घेते, ते उन्हाळ्यात जालाला देते. केवळ गावापुरते स्वयंपूर्ण केंद्र उभारले असते, तर उन्हाळ्यातील वीज वाया गेली असती व हिवाळ्यात पिके सुकली असती. स्रोत विकेंद्रित झाल्याने जालाची गरज कमी होत नाही, हे येथे स्पष्ट होते.

या उन्हाळी विजेस जिल्ह्यातच गिऱ्हाईक आहे. जालना शहराच्या औद्योगिक क्षेत्रात विद्युत् प्रवर्तन भट्ट्यांत भंगार वितळवून पोलादी सळया तयार करणारे अनेक कारखाने आहेत. रात्रीच्या सवलतीमुळे या भट्ट्यांना रात्री काम करणे किफायतशीर होते. दुपारची वीज स्वस्त झाल्यास त्यांच्या पाळ्या काही अंशी दिवसाकडे सरकू शकतात.

भोकरदनच्या विहिरींचाही येथे उपयोग आहे. दख्खनच्या बेसाल्ट खडकातील विहिरींत पाणी मुख्यतः झिजलेल्या व सांधे असलेल्या थरांतून सावकाश पाझरते. हिवाळा सरताना पुष्कळशा विहिरी काही तासांच्या उपशाने तळ गाठतात व पाणी पुन्हा चढेपर्यंत पंप थांबवावा लागतो. अशा पंपाला आठ तास सलग विजेची गरज नसते. दिवसातून दोन वेळा दोन-दोन तास खात्रीची वीज पुरते. म्हणजे हा भार मुळातच सरकविण्याजोगा आहे. एका वाहिनीवरील पंपांचे गट पाडून ते पाळीने चालविले, तर सौर निर्मितीच्या चढउताराशी त्यांचा मेळ घालता येईल आणि महाग घटमालेचे काही काम विहिरी व शेततळी यांच्याकडूनच होईल.

प्रत्यक्षात याच्या उलट घडते. वीज केव्हा येईल याची खात्री नसल्याने शेतकरी पंपाला आपोआप चालू होणारी कळ (ऑटो स्विच) बसवितात. पुरवठा सुरू होताच वाहिनीवरील सर्व पंप एकाच क्षणी चालू होतात. चालू होताना चलित्र (मोटर) नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते. त्यामुळे दाब कोसळतो, पंप अडतात, तारा तापतात व रोहित्र जळते. ऐन हंगामात रोहित्र बदलून मिळेपर्यंतच्या दिवसांत पीक हातचे जाऊ शकते. पंपास योग्य क्षमतेचे धारित्र (कपॅसिटर) जोडल्यास प्रवाह कमी लागतो व दाब सुधारतो. प्रत्येक पंप वेगवेगळ्या विलंबाने सुरू होईल अशी कळ वापरल्यास एकदम येणारा भार टळतो. परंतु वेळापत्रक पाळले जाते असा अनुभव आल्याखेरीज कोणी आपली कळ काढून ठेवणार नाही. नियंत्रणक्षम जालाचा पाया या विश्वासावर आहे. उपकरणे त्यानंतर येतात.

सौर केंद्र जोडल्यानंतर वाहिनीवर आणखी काही बदल करावे लागतात. वीज उलट दिशेने वाहताना वाहिनीच्या टोकाचा दाब वाढतो. म्हणून परिवर्तकांनी दाब नियंत्रणात भाग घ्यावा, अशी योजना करतात. दोष उद्भवल्यास वीज दोन्ही बाजूंनी येत असल्यामुळे मंडल खंडकांची जुळवणी नव्याने करावी लागते. दुरुस्तीसाठी बंद केलेल्या वाहिनीवर सौर केंद्राची वीज चालू राहिल्यास तारमार्ग कर्मचाऱ्याच्या जिवास धोका असतो. म्हणून जालाचा दाब नाहीसा होताच केंद्र आपोआप तुटेल, ही व्यवस्था अनिवार्य असते.

मर्यादा व भावी काल : दिवसा व स्वस्त वीज मिळाल्याने उपसा वाढून भूजल लवकर संपण्याचा धोका असतो. पूर्वी विजेची टंचाई हीच उपशाची अप्रत्यक्ष मर्यादा होती. ती दूर झाल्यावर पाण्याचा ताळेबंद, ठिबक सिंचन व पीकनिवड यांवर अधिक लक्ष द्यावे लागते. मोठ्या सौर केंद्रांसाठी लागणारी जमीन, घटमालांसाठी आयात करावी लागणारी मूलद्रव्ये व निरुपयोगी झालेल्या सौर पट्ट्यांची विल्हेवाट हे प्रश्नही पुरते सुटलेले नाहीत.

३० मे २०२४ रोजी भारताची शिखर मागणी सुमारे २,५०,००० मेवॉ. पर्यंत पोहोचली होती आणि २०२५ च्या मध्यास देशाच्या स्थापित क्षमतेचा निम्मा भाग जीवाश्म इंधनांखेरीज इतर स्रोतांचा झाला. २०३० पर्यंत अशा स्रोतांची क्षमता ५,००,००० मेवॉ. करण्याचे उद्दिष्ट आहे. मात्र स्थापित क्षमता व प्रत्यक्ष मिळणारी वीज यांत अंतर असते. १ मेवॉ. सौर क्षमतेपासून वर्षभरात मिळणारी वीज पूर्ण भारावरील औष्णिक संचाच्या सुमारे एक-पंचमांश इतकीच असते. यापुढील काळात उदंचन केंद्रे, घटमाला, जनित्रासारखे वागणारे परिवर्तक, आंतरराज्य वाहिन्या व काळभिन्न दर यांचा एकत्रित उपयोग करावा लागेल. त्यांपैकी कोणतेही एक साधन पुरेसे नाही. मराठवाड्यासारख्या प्रदेशात त्यांच्या जोडीला पंपांचा सरकविता येणारा भार हे कमी खर्चाचे साधन उपलब्ध आहे. त्याचा उपयोग रात्रीचे ओझे पुन्हा शेतकऱ्यावर न टाकता, ठरलेल्या वेळी ठरलेली वीज देऊन केला, तरच तो टिकाऊ ठरेल.